मागांच्या गल्लीतला माईक

घरच्या कॉम्प्युटरवर आवाज रेकॉर्ड करायला कुठलं सॉफ्टवेअर बरं, असं चार जणांना विचारून बघा. काय रेकॉर्ड करणार आहेस हे एकही जण विचारत नाही, जो तो आपल्याकडे जे आहे तेच पुढं सरकवतो. माझा भाचा बीट बनवायच्या नादाला लागलेला, तो म्हणला, "मावशी, एफएल स्टुडिओ घे की, कुठं साधंसुधं बघत बसलीस." ऑफिसातले एक साहेब मुलीच्या गाण्याचे व्हिडिओ टाकतात, त्यांच्या मते क्युबेस सोडून बाकी सगळी खेळणी. नव्या पेठेतल्या दुकानदारानं तर सॉफ्टवेअरचं नावच काढलं नाही, माईक, स्टँड, पॉप फिल्टर आणि निळा दिवा लागणारा एक डबा असा सगळा सेट काउंटरवर मांडला आणि म्हणाला, मॅडम, यूट्यूबवाले सगळे हेच नेतात. मी यूट्यूबवाली नाही हे बोलायला त्यानं फटच ठेवली नाही.

मला करायचं होतं ते एवढंच, की पुस्तक मोठ्यानं वाचायचं आणि एका मुलीपर्यंत पोचवायचं. आमच्या मागच्या घरातल्या वहिनींची भाची बीकॉमला आहे, शिकायला इथंच राहते, तिला जन्मापासून दिसत नाही. फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, लावून ती मेसेज, बातम्या, बँकेचं ॲप सगळं इतक्या स्पीडनं ऐकते की शेजारी बसलेल्याला त्यातला एक शब्द कळत नाही. तिचं अडतं ते मराठी पुस्तकांपाशी. पीडीएफ म्हणून जे फिरत असतं ते बऱ्याचदा पानांचे नुसते फोटो असतात, त्यात अक्षरं नसतातच, मग टॉकबॅक काय वाचणार कपाळ. ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून टाइप करणारं सॉफ्टवेअर, तेही लावून बघितलं, पण फिकट छपाईतली जोडाक्षरं आणि मधेच ताळेबंदाचं टेबल आलं की जे बाहेर पडतं त्याला मराठी म्हणवत नाही. म्हणून मग कुणीतरी वाचून देणं आलं, आणि ते कुणीतरी मी.

यावर एका शहाण्यानं कॉपीराइटचं काय म्हणून विचारलंच. तर २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात अपंग व्यक्तीला वापरता येईल अशा रूपात पुस्तक करून द्यायला सूट आहे, धंदा करायचा नाही एवढंच. दृष्टिहीनांच्या पुस्तकांसाठीचा मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत, २०१४ मध्ये. हे मी त्या गृहस्थांना सांगितल्यावर ते एकदम पाण्याच्या टाकीच्या विषयावर गेले.

आता घर कुठं आहे ते सांगायला पाहिजे, कारण सॉफ्टवेअरचा अर्धा प्रश्न तिथंच सुटतो किंवा बिघडतो. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, अशोक चौकाच्या अलीकडं, गल्लीत टॉवेलचे कारखाने. सकाळी माग चालू झाले की आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं आपटतो त्याचा खटक-खटक आवाज भिंतीतून, फरशीतून, पलंगाच्या पायातून येतो. पाहुणे आले की पहिल्या रात्री झोपत नाहीत, आम्हाला मात्र माग बंद पडले की जाग येते. इतक्या वर्षांत कानाला त्याची सवय झालीय, पण माईकला कुठली आलीय सवय. पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तर माझ्या आवाजाच्या मागं अख्खा कारखाना चाललेला, वर आमचा पंखा, आणि पंख्याखाली एक बारीक घुं, जी लाइटच्या ५० हर्ट्झची असते, चार्जरमधून येते, आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की जाते.

दुकानदारानं मांडलेला तो सेट म्हणजे कंडेन्सर माईक. हा माईक फार नाजूक कानाचा, त्याला चालायला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, निळ्या दिव्याचा डबा त्यासाठीच, आणि तो खोलीतलं सगळं टिपतो. गाण्याच्या बंद स्टुडिओत हा गुण आहे, आमच्या गल्लीत मात्र तोच दोष, पलीकडच्या घरातली कुकरची शिट्टीसुद्धा त्यात येणार. मी आणला तो काही शेकड्यांत मिळणारा, कॉलरला लावायचा चिमट्याचा माईक. त्यात एक गंमत आहे ती लक्षात ठेवा. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, ती पिन मोबाईलसाठी असते, जुन्या डेस्कटॉपच्या मागच्या गुलाबी भोकाला दोन रेघांची पिन लागते. तिथं तीन रेघांची खुपसली की बऱ्याचदा आवाजच येत नाही आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या देतो. पन्नास-शंभर रुपयांचं एक कनेक्टर मिळतं, एकीकडं मोबाईलची पिन बसायचं भोक, दुसरीकडं हेडफोनची आणि माईकची वेगळी पिन. लॅपटॉपला एकच भोक असेल तर बहुतेक सरळ लागतं.

आणि माईक जवळ आणा. हा सल्ला फुकटचा असल्यामुळं कुणी देत नाही. तोंड आणि माईक यातलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो, माग आहेत तिथंच राहतात. कुठलंही सॉफ्टवेअर, महागातलं महाग, एवढं काम इतक्या सहज करत नाही. फक्त एकदम नाकासमोर धरला तर 'प' आणि 'भ' फुटतात, म्हणून जरा बाजूला, हनुवटीच्या रेषेत.

खोली घुमू नये म्हणून कपडे वाळत घालायचा स्टँड माझ्या तीन बाजूनं लावला आणि त्यावर चादरी टाकल्या, आपल्याच सोलापुरी, जाड, मोराच्या. वाचताना समोर मोर. त्यानं खोलीचा घुमारा गेला, आवाज अंगाशी आला, पण माग जरासुद्धा हलले नाहीत. चादर खोलीतला आवाज उलटून येऊ देत नाही एवढंच तिचं काम, बाहेरचा आवाज अडवायला भिंतच लागते, जाड आणि जड. इंटरनेटवर हे दोन्ही एकच समजून लोक अंड्याचे ट्रे चिकटवत बसतात.

मागांवर खरा उपाय निघाला तो महावितरणचा. दुरुस्तीसाठी लाइट बंद राहणार असा मेसेज आला की पूर्वी मी वैतागायचे, आता पुस्तक काढते. लाइट गेली की माग थांबतात, पाण्याच्या मोटारी थांबतात, शेजारचा टीव्ही थांबतो, पंखा आपोआप बंद. लॅपटॉप बॅटरीवर. सोलापुरात मे महिन्यात पंखा बंद करून, तीन बाजूला चादरी लावून 'वित्तीय लेखांकन' वाचणं म्हणजे काय ते तापमान बेचाळीसच्या वर असताना करून बघा. घामानं पान बोटाला चिकटतं आणि ते सुटतानाचा आवाजसुद्धा माईक घेतो.

सॉफ्टवेअरकडं येते. आमच्या वयाच्या लोकांची सुरुवात विंडोजमधल्या साउंड रेकॉर्डरनं झालीय, एक्सपीपर्यंत त्याचं असं होतं, लाल बटण दाबायचं आणि ६० सेकंद झाले की हा गप्प. एका मिनिटाच्या पुढं बोलायचं तर परत बटण. तेव्हा ज्यांना जास्त पाहिजे ते कूल एडिट प्रो वापरायचे, विकत घेतलेलं मी कुणाकडं बघितलं नाही, सीडी एकमेकांकडं फिरायची आणि सीडीवर स्केच पेननं क्रॅकचा नंबर लिहिलेला असायचा. २००३ मध्ये ते ॲडोबीनं घेतलं, त्याचं ऑडिशन झालं, आणि आता ते विकत मिळतच नाही, भाड्यानं मिळतं, दर महिन्याला पैसे भरा. कुणाचं पोट त्यावर असेल तर भरावेत. मी पुस्तक वाचून देणार फुकट आणि त्याचं भाडं मीच भरणार, हा हिशोब आमच्या ह्यांना कुणी समजावून सांगावा.

भाच्याच्या आग्रहाखातर त्याचं सॉफ्टवेअर उघडून बघितलं. उघडल्या उघडल्या टेम्पो किती, ताल कुठला, मग पट्ट्या, बटणं, दिवे. ते वाईट आहे असं नाही, ते गाणं बांधायला केलंय. एका बाईचा एक आवाज घ्यायला ते काढणं म्हणजे दोघांच्या पोह्याला लग्नाचं पातेलं. पुस्तक वाचणाऱ्याला मोजून चार गोष्टी लागतात, रेकॉर्ड करणं, चुकलेलं कापणं, आवाज एका पातळीला आणणं आणि एमपी३ काढणं. या चारही गोष्टी मेनू न शोधता हाताला लागल्या पाहिजेत, कारण वाचताना डोकं पुस्तकात असतं, मधेच बटण शोधायला गेलं की वाक्याचा सूर तुटतो.

शेवटी आले ऑडॅसिटीवर. दिसायला ते अगदीच सरकारी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते सुरू केलं, २००० मध्ये लोकांना दिलं, तेव्हापासून फुकट, आणि त्याचा कोड कुणालाही बघता येतो. पूर्वी त्यात एमपी३ काढायला लेम नावाची फाइल वेगळी उतरवून जोडावी लागायची, त्यात निम्मे लोक गळायचे. एमपी३ची पेटंटं २०१७ मध्ये संपली, त्यानंतर ते आतच आलं. दुसरी कटकट म्हणजे प्रोजेक्टची फाइल वेगळी आणि तिचा डेटाचा फोल्डर वेगळा, कित्येकांनी पेन ड्राइव्हवर नुसती फाइल नेली आणि आवाज घरीच राहिला. २०२१ च्या तीन नंबरच्या आवृत्तीपासून सगळं एकाच फाइलीत असतं. त्याच वर्षी म्यूज ग्रुपनं ऑडॅसिटी घेतलं आणि हे आता आपली माहिती गोळा करणार म्हणून बराच आरडाओरडा झाला, कंपनीनं नंतर खुलासा केला, नियम बदलून लिहिले. मी वापरते. त्याच्या मूळ साइटवरूनच उतरवा मात्र, सारख्या नावाच्या साइट बऱ्याच आहेत आणि त्या सोबत काय काय घरात आणून सोडतात.

सेटिंगमध्ये मी दोनच गोष्टी बघते. एक म्हणजे मोनो. तोंड एक आहे, स्टिरिओ करून नुसती फाइल दुप्पट. दुसरी म्हणजे वरची ती हिरवी पट्टी, मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे नाचला पाहिजे. शून्याला टेकून लाल झाला की तिथला आवाज फाटला, तो नंतर शिवता येत नाही. कमी आला तर वाढवता येतो, म्हणून भीती वाटली तर कमीच ठेवा.

बाकी सगळ्यात उपयोगाचं जे आहे ते कुणी सांगत नाही, त्याचं नाव पंच अँड रोल. वाचताना चूक झाली की थांबायचं, चुकीच्या जरा आधी क्लिक करायचं आणि शिफ्ट धरून डी दाबायचं. ते आधीची पाच सेकंदं तुम्हाला ऐकवतं, तुम्ही कानानं तो सूर पकडता आणि क्लिक केलं होतं तिथून रेकॉर्डिंग पुढं सुरू होतं, चूक त्याखाली पुसली जाते. हे २०१८ मध्ये आलं. त्याच्या आधी लोक चूक झाली की टाळी वाजवायचे, म्हणजे लाटांच्या चित्रात टाळीचा उंच सुळका दिसतो आणि नंतर शोधून कापता येतं. टाळीवाली पद्धत अजून चालते, पण एका धड्यात वीस टाळ्या झाल्या की सासूबाई आतून विचारतात, आरती चाललीय का.

दर पानाला कंट्रोल आणि बी दाबून लेबल लावते, त्यात पानाचा नंबर टाइप करते. धडा संपला की त्या लेबलांवरून तुकडे पाडून वेगवेगळ्या फाइली एकदम निघतात, नावासकट. ६४ केबीपीएसचा मोनो एमपी३ तासाला २९ एमबीच्या आत बसतो, तोच सीडीच्या दर्जाचा मोनो वेव्ह ठेवला तर तीनशेच्या वर. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवते.

आता आवाज साफ करण्याबद्दल, कारण यात मी फार रमले होते. नॉइज रिडक्शन असं चालतं की आधी दोन-तीन सेकंद तुम्ही काही न बोललेला तुकडा त्याला दाखवायचा, म्हणजे खोलीचा नुसता आवाज, मग अख्खं रेकॉर्डिंग निवडून सांगायचं की हे काढ. पंखा जातो. घुं जाते. माग जात नाहीत. पंख्याचा आवाज सलग एकसारखा असतो म्हणून त्याची ओळख पटते, धोटा मात्र आपटतो आणि थांबतो, आपटतो आणि थांबतो, शिवाय दर वेळी थोडा वेगळा. मग माणूस हट्टाला पेटतो, आकडा वाढवत जातो, आणि आवाज असा येतो की बाई हौदात तोंड बुडवून बोलतेय. तरी मला तो गुळगुळीत आवाज आवडला होता, एकदम रेडिओसारखा वाटला, तसे दोन धडे मी तिला मोठ्या ऐटीत पाठवले.

तिचा फोन आला. "काकू, तुम्ही काय करायलाव त्या आवाजाला? 'स' कुठला 'श' कुठला कळंना झालंय." मग तिनं सांगितलं की ती माझं वाचन दुप्पट स्पीडवर ऐकते, परीक्षा जवळ आली की त्याच्याही वर. साफ करताना सॉफ्टवेअर जे खरवडतं त्यात स, श, फ, थ यांची हवाच निघून जाते, कारण त्यांचा आवाज आणि पंख्याचा आवाज ऐकायला जवळजवळ सारखा. साध्या स्पीडला आपल्या लक्षात येत नाही, दुप्पट केलं की शब्दच ओळखू येत नाहीत. "मागं पंखा असू द्या, माग बी असू द्या, मला काय त्रास नाही, मी पण याच गल्लीत राहते की. तुम्ही फक्त पान नंबर सांगा, आणि टेबल आलं की आधी सांगा की टेबल आलं." म्हणजे मी ज्या गोष्टीवर संध्याकाळच्या संध्याकाळ घालवत होते ती तिला नकोच होती, नुसती नको नव्हती तर आडवी येत होती. आणि जी पाहिजे होती तिला कुठलंही बटण लागत नाही.

तिथून सॉफ्टवेअरकडं बघायची माझी नजर बदलली, त्यात अजून एक भर तिनंच घातली. म्हणाली, मला शिकवा, माझ्या वर्गातल्या अजून दोघांना पाठवायचंय, तुमचे तुकडे मीच जोडीन. मी म्हणलं, अगं त्यात सगळं चित्रावर बघून कापायचं असतं. तर ती तिचा लॅपटॉप घेऊन आली. त्यात एनव्हीडीए, स्क्रीन वाचून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोघांनी केलेलं, दोघंही स्वतः अंध. ऑडॅसिटी लावलं, माउसला हात नाही. स्पेस दाबून ऐकायचं, नको असलेला भाग सुरू झाला की डावा चौकटी कंस, संपला की उजवा चौकटी कंस, मग डिलीट. झालं. मी चित्रात डोळे बारीक करून जागा शोधत बसते, ही नुसत्या कानावर कापते, आणि तिचा सांधा माझ्यापेक्षा साफ, मला ऐकूनही सापडत नाही. त्या दिवशी कळलं की सॉफ्टवेअर सोपं आहे की नाही हे बघायचं तर माउस काढून ठेवून बघावं. त्या परीक्षेत भाच्याचं रंगीबेरंगी दुकान पहिल्याच मिनिटाला बसलं, एनव्हीडीए 'बटण, बटण, बटण' म्हणत राहिलं.

तिनं पुढं रीपर शोधून काढलं. हे मी आधी बघून बाजूला ठेवलं होतं. जस्टिन फ्रँकेल, ज्यानं गाणी वाजवायचं विनॅम्प केलं होतं, त्याच्या कंपनीचं हे, उतरवायला अगदी छोटं, ६० दिवस फुकट वापरा, नंतरही ते कुलूप लावत नाही, नुसतं आठवण करत राहतं, आणि घरगुती लायसन ६० डॉलर, म्हणजे पाच हजाराच्या आसपास. सगळं करतं, पण नुसतं उघडलं तर एनव्हीडीएवाल्याला फार काही बोलत नाही. त्यासाठी ओसारा नावाचं एक फुकटचं जोडसॉफ्टवेअर आहे, तेही जेम्स टेहनंच सुरू केलेलं. ते टाकलं की रीपर बोलायला लागतं. ती आता त्यावर गेलीय, वर्गातल्यांना घेऊन काहीतरी पॉडकास्ट करायचा घाट आहे, लायसनसाठी पैसे साठवतेय. मी ऑडॅसिटीवरच आहे, मला दुसरं नकोय. डेझी नावाच्या संस्थेचं ओबी म्हणूनही एक फुकट सॉफ्टवेअर आहे, खास बोलक्या पुस्तकांसाठी, त्यात धडा, उपधडा, पान असं सगळं बांधून देता येतं आणि ऐकणारा सरळ पाहिजे त्या पानावर उडी मारू शकतो. मोठं पुस्तक पूर्ण करायचं असेल तर ते बघण्यासारखं आहे. आमचं काम धड्याधड्यानं, परीक्षेच्या तारखा बघून चालतं, म्हणून अजून गरज पडली नाही.

फोनवरच रेकॉर्ड करून का पाठवत नाही, असंही लोक म्हणतात. करा की. फोनचा माईक वाईट नसतो आणि दोन पानं असतील तर कॉम्प्युटर उघडायचीसुद्धा गरज नाही. धडाभर वाचायचं असेल, मधे कुकर, मधे फोन, मधे भंगारवाला, तर कापाकापी आलीच आणि ती बोटानं स्क्रीनवर करताना जीव जातो.

सध्या 'परिव्यय लेखांकन' चालू आहे आणि आमचं भांडणही. टेबल कसं वाचायचं यावर. मी वरून खाली, एकेक रकाना वाचत होते, तिला आडवी ओळ पाहिजे, आणि प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव पाहिजे. म्हणजे 'साहित्य, जानेवारी, इतके रुपये, फेब्रुवारी, इतके रुपये'. त्यानं एक पान वाचायला दुप्पट वेळ लागतो असं मी म्हणलं, तर म्हणाली, "लागू द्या की काकू, मी दुप्पट स्पीडनंच ऐकते."